एकाच डब्याचे हजार प्रवास

वहिनी पूर्वी एका मोठ्या कचेरीचं उपाहारगृह सांभाळायची. दुपारी जेवणाच्या प्लास्टिक डब्यांनी तुंबलेली कचऱ्याची पिंपं तिला बघवायची नाहीत. शेवटी नोकरी सोडून तिने स्टीलच्या डब्यांची कंपनी काढली. खानावळींनी आमच्या डब्यांतून जेवण पाठवायचं, गिऱ्हाइकांनी डबा परत द्यायचा, आम्ही धुऊन पुन्हा फिरवायचा. प्रत्येक डब्यावर कोड चिकटवलेला, डबा कुठे जाणार त्याच्यासकट प्रत्येक फेरीची नोंद अ‍ॅपमध्ये. धुतलेला डबा पुन्हा बाहेर पडताना स्कॅन झाला, की तो परत आला होता असं अ‍ॅप धरायचं. ते अ‍ॅप माझ्या धाकट्या भावाने लिहिलेलं. घरात त्याला आम्ही ‘साहेब’ म्हणतो, कारण तो पाणीसुद्धा हुकूम सोडून मागतो.

वहिनीचं साठवलेलं संपत आलं होतं. गुंतवणूक मिळाली नाही, तर धुण्याची खोली बंद करावी लागणार होती. म्हणून गुंतवणूकदार बाई आल्या त्या दिवशी साहेबांनीही इस्त्रीचा शर्ट घातला होता.

पडद्यावर आलेख आले. जवळजवळ सगळे डबे परत येतात, कचरा इतका वाचला, वगैरे. बाई मान डोलवत होत्या. मग म्हणाल्या, “मला एका डब्याची गोष्ट दाखवा ना. सगळ्यात जास्त फिरलेल्या.”

“आत्ता दाखवते!” वहिनीने बटण दाबलं.

पडद्यावर ओळींमागून ओळी धावू लागल्या. एकाच दुपारी हा डबा बँकेत, दवाखान्यात, कारखान्यात, वकिलाच्या कचेरीत.

“एकाच वेळी?” बाईंनी चष्मा पुसला. “डबा आहे की भूत?”

वहिनीने माऊस बाजूला ठेवला. ती उठून तरातरा धुण्याच्या खोलीत गेली. आम्ही मागोमाग.

मावशी, आमच्या धुणाऱ्या बाई, वाफेत उभ्या होत्या. खिडकीत एक कोरा करकरीत डबा. मावशी धुतलेला डबा पेटीत टाकायच्या आणि स्कॅनर त्या कोऱ्या डब्यावर धरायच्या. पीं. दुसरा डबा पेटीत. पीं.

“मावशी, हे काय चाललंय?”

“अगं, गरम पाण्याने बाकीच्यांचे कोड गेले की! मशीन ओरडत नाही. आणि तूच म्हणालीस, पीं झाल्याशिवाय एकही डबा बाहेर जाता कामा नये. मग हाच ठेवलाय, लाडका. ह्याला धूत नाही मी!”

वहिनीने स्कॅनर काढून घेतला. मग सावकाश साहेबांकडे वळली. “तुला हे दिसलं नाही?”

साहेबांनी इस्त्रीच्या शर्टाची बाही सारखी केली.

“बोल ना!”

“दिसलं होतं गं वहिनी. पण आलेख इतके झकास येत होते... म्हटलं, पैसे मिळाले की करू दुरुस्त.”

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. ज्याच्या शाळेच्या डब्यावर तिने कधी काळी नाव कोरून घेतलं होतं, तोच हा का, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं.

“मग खरे किती परत येतात?” बाईंनी विचारलं.

“नाही माहीत.” वहिनी म्हणाली. “आज पैसे देऊ नका. मोजते आणि कळवते.”

“मोजा,” एवढंच म्हणून बाई गेल्या.

वहिनी तशीच चप्पल अडकवून निघाली, पहिल्याच खानावळीत. मालकाने हसून स्वागत केलं. त्याच्या मागच्या फळीवर आमचे डबे ओळीने मांडलेले. एकात खिळे, एकात चिल्लर, एकात मनीप्लांट.

“हे आमचे डबे!”

“हो तर! किती छान भेट दिलीत हो तुम्ही. घरीही नेलेत, पाहुण्यांनाही वाटलेत. सगळ्यांना इतके आवडलेत!”

वहिनी तिथल्या स्टुलावर मटकन बसली. मालकाने घाबरून पाणी आणलं, तेही आमच्याच डब्यात.