नातू हातातून कसा सुटला

उरणच्या कोळीवाड्यातली ठमाबाई रोज सकाळच्या एसटीनं पनवेलच्या बाजारात मासळी विकायला यायची. नवरा गेल्यावर याच धंद्यावर तिनं मुलाला वाढवलं, त्याचं लग्न केलं.

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात पेणला एका हळदीला जाताना कर्नाळ्याच्या वळणावर त्यांची भाड्याची जीप झाडावर आदळली. पुढच्या सीटवर ठमाबाई होती आणि तिच्या मांडीवर वर्षाचा नातू कल्पेश. पोर तिच्या हातातून उडून काचेवर आपटलं. पायाचं हाड मोडलं, कपाळाला टाके पडले, पण वाचलं. ठमाबाईच्या खांद्याचं मोडलेलं हाडही यथावकाश जुळलं. कल्पेश मात्र पुन्हा तिच्या मांडीवर आला नाही.

कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या अरुंधतीबाई तिचं जुनं गिऱ्हाईक. अपघातानंतर काही महिन्यांनी त्यांनी नातवाची चौकशी केली. सुरमईचे तुकडे करता करता ठमाबाई थांबली.

"बाई, मी पोर सोडलं. आजी असून सोडलं."

अरुंधतीबाईंनी समजूत घातली नाही. विचारलं, "जीप किती वेगात होती?"

"डायवर पोलिसांना पन्नास बोल्ला."

"आणि पोराचं वजन?"

"नऊ किलो. दवाखान्यात काट्यावर घातलेलं."

बाईंनी तोंडातल्या तोंडात आकडेमोड केली, आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा केली. "मावशी, गाडी पापणी लवते तेवढ्यात थांबली. पण पोर त्याच वेगानं पुढं जाणार. त्याला अडवायचं म्हणजे सव्वाशे किलो पेलण्याइतकी ताकद हवी. त्यात तुम्ही स्वतःच पुढं फेकल्या जात होतात."

ठमाबाईनं शेजारच्या मासळीच्या पाटीकडे पाहिलं. भरलेली पाटी तीसेक किलोची. ती डोक्यावर घ्यायलाही तिला दुसऱ्या बाईचा हात लागायचा.

"म्हंजे चार पाट्या? एकदम?"

"एकदम. पैलवानालाही जमलं नसतं."

तिनं हातातली सुरमई खाली ठेवली. मग म्हणाली, "ह्यो हिशेब माज्या सुनेला सांगाल?"

रविवारी ती सून रूपाला घेऊन बाईंच्या घरी आली. कल्पेश रूपाच्या कडेवर होता. अरुंधतीबाईंनी सगळं पुन्हा सांगितलं. रूपानं खाली मान घालून ऐकलं.

"मी तुमाला कवा काय बोल्ले, आई?"

"बोल्ली नायस. पन पोर बी दिलं नायस."

"मला भ्या वाटायचं," रूपा म्हणाली.

"मला पन वाटायचं," ठमाबाई म्हणाली.

परतीच्या एसटीत रूपानं कल्पेशला सासूच्या मांडीवर ठेवलं. ठमाबाईनं त्याला दोन्ही हातांनी असं आवळलं की पोर चुळबुळ करून रडायला लागलं. रूपानं हळूच तिचा एक हात सैल केला, आणि मग कल्पेश खिडकीबाहेर बघत बसला.