दहा लाख एक

चाळीसगावच्या आमच्या गल्लीत लोटन नानांइतका हट्टी माणूस नाही. मी त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी, तेव्हा हे अनुभवाने सांगतो. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, पण खोड गेली नाही. एकदा बायकोला, म्हणजे भिकूअक्कांना म्हणाले, "एखादा मोठा आकडा सांग." अक्कांनी दहा लाख सांगितले आणि शकुनाचा म्हणून वर एक ठेवला.

"याला कशानेच भाग जायचा नाही," नाना म्हणाले.

"जाई, मास्तर. जोडीबिगर कोनी राहस का?"

पैज लागली. भाग गेला तर महिनाभर भाकरी नानांनी थापायच्या. रोज दिवेलागणीनंतर एकच भागाकार. दोन, तीन, पाच, सात असे ज्यांना स्वतःला भाग जात नाही ते आकडे नानांनी ओळीने सांगायचे, अक्कांनी पाटीवर करून बघायचे. हजारापर्यंत सगळ्यांनी बाकी उरली, तर नाना जिंकले. मी एकदा मोबाइल पुढे केला, तर अक्कांनी मलाच झापलं.

सत्त्याण्णवने बाकी उरली, त्याच रात्री अक्का झोपेत गेल्या.

नाना रडले नाहीत. दहाव्यानंतर पाटी घेऊन एकटेच बसले. पुढचा आकडा एकशे एक. "हा शकुनाचा. दुखवट्याच्या घरात कसा मांडू? वर्ष होऊ दे," म्हणाले आणि एकशे तीन मांडला. गणिताचा मास्तर! ओठांवर आलं होतं माझ्या, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं.

मग डबा यायचा, नाना जेवायचे. भाजी कशी होती विचारलं तर "जेवलो" म्हणायचे. पाटी मात्र चुकली नाही. हजार गाठला, शून्य एकदाही आलं नाही. "जिंकलो," म्हणाले, वीजबिल भरलं सांगावं तसं. एकशे एक राहिलाय, हे साफ विसरले होते.

वर्षश्राद्धाला अक्कांचा भाऊ मगन धुळ्याहून दुखवटा काढायला आला. त्याने नानांच्या डोक्यावर नवी टोपी घातली, हातावर शंभराची नोट आणि एक रुपया ठेवला. "नाना, आता घरात शुभाचं चालू द्या."

नाना त्या रुपयाकडे बघत राहिले. मग पाटी ओढली, एकशे एक मांडला. भागाकार नऊ हजार नऊशे एक. बाकी शून्य.

"एकच दिन राहेल व्हता, भिकू," ते पाटीला म्हणाले.

मगनला काही कळेना. नाना उठले, माझ्याकडून पीठ मागून घेतलं, परात घेऊन खाली बसले. पहिलीच भाकरी थापताना त्यांना वर्षभराचं रडू कोसळलं.

"नाना, राहू द्या, मी करतो," मगन म्हणाला.

"नको. महिनाभर माझीच पाळी आहे," ते म्हणाले आणि रडत रडत थापत राहिले.