बोरदऱ्याचा विंडसॉक

परळी तालुक्यात, धर्मापुरीच्या अलीकडे, बोरदरा नावाचं गाव आहे. तिथे एसटी दिवसातून दोनदा येते, तीही आली तर. हेलिकॉप्टर मात्र वर्षातून तीन-चारदा हमखास येतं आणि निवडणुकीचं वर्ष असलं की महिन्यातून तीन-चारदा. गावाला धड रस्ता नसला तरी हवाई वाहतुकीचा अनुभव दांडगा आहे. या गावचं विमानक्षेत्र म्हणजे मोजून तीन माणसं. एक सटवा, शाळेमागच्या मैदानात चुन्याने गोल आखून त्यात इंग्रजी एच काढणारा. दुसरा जीवन, लग्नात ड्रोन उडवणारा. आणि तिसरा आश्रुबा ओव्हाळ. तिघांपैकी खरोखर हवाई दलात होता तो आश्रुबाच, आणि गावात तिघांपैकी सगळ्यात कमी विचारत ते त्यालाच.

आश्रुबाने वीस वर्षं हवाई दलाच्या हवामान विभागात, म्हणजे मेट सेक्शनमध्ये, काढली आणि सार्जंट होऊन निवृत्त झाला. धावपट्टीच्या कडेला उंच खांबावर कापडाची एक लांब बाही असते, दोन्ही तोंडं उघडी. वारा शिरला की ती फुगते आणि वैमानिकाला वरून दिसतं, वारा कुठून येतोय आणि किती जोराचा आहे. तिला विंडसॉक म्हणतात. ती चढवणं, उतरवणं, फाटली तर शिवणं, वाऱ्याची नोंद करून वर कळवणं, हे आश्रुबाचं काम. विमानात तो एकदाही बसला नाही, आणि हे सांगताना लाजायचाही नाही. “बसनाऱ्याला विमान दिसतंय का? आमाला रोज दिसायचं,” म्हणायचा.

गावी परतल्यावर त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘बोरदरा विमान वार्ता’ नावाचा गट काढला. रोज सकाळी बातमीपत्र पडे. ‘९.१२ वाजता हैदराबादकडून मुंबईकडे प्रवासी विमान. वारा पश्चिमेचा, हलका. दृश्यमानता चांगली. बोरदऱ्यात विशेष काही नाही.’ खाली नाव नाही, सही नाही. हवामानाच्या नोंदीखाली नाव घालायचं नसतं, ती सरकारची असते, ही त्याची शिस्त. गटात तीनशे सत्याऐंशी लोक होते, पण वाऱ्यासाठी त्यातला एकही नव्हता. पुढारी कधी उतरणार हे आश्रुबाला आधी कळतं, म्हणून ते टिकून होते. बाकी वेळी ‘पायलट, आमच्या म्हशीला उडता येईल का’ असल्या चौकशा चालत. आश्रुबा उत्तर देई, ‘वजन कळवा.’

मागच्या मार्गशीर्षात साहेब आले होते. साहेब म्हणजे कोण, हे विचारू नये. ज्याच्यासाठी मैदानावर पाणी शिंपडतात तो साहेब. त्या दिवशी वारा कुठला, हे वरच्या माणसाला दाखवायला खाली काहीच नव्हतं. काडाचा धूर करायचा असतो, तो स्वागताच्या गडबडीत राहिला. वाऱ्याकडे तोंड करून उतरायचं, ते वारा पाठीवर घेऊनच हेलिकॉप्टर खाली आलं, डगमगलं, परत वर उठलं, आणि त्या झोताने मंडपाचा एक पत्रा उडाला. तो ओवाळायला उभ्या असलेल्या केसरबाईच्या कानाजवळून गेला आणि सटव्याच्या दंडात घुसला. अंबाजोगाईला नेऊन अकरा टाके घातले. साहेबांनी सटव्याची आस्थेने विचारपूस केली, फोटो काढला, आणि सटवा दोन महिने चुन्याची पाटी उचलू शकला नाही.

आश्रुबाला ते फार लागलं. वीस वर्षांत त्याच्या खांबाखाली कुणाला ओरखडा उठला नव्हता, आणि त्याच्या स्वतःच्या गावात, त्याच्या डोळ्यांदेखत, माणसाचा दंड फाटला. त्याने मैदानाच्या कडेला वीस फुटांचा लोखंडी खांब रोवला, वर कप्पी आणि दोरी लावली आणि गावच्या शिंप्याकडून नियमाप्रमाणे भगव्या-पांढऱ्या पट्ट्यांची बाही शिवून घेतली. “आता कुनाला लागनार न्हाई,” तो सटव्याला म्हणाला. सटव्याने हात जोडले. एवढ्यावर गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण बोरदऱ्यात खांबाला कापड लागलं की ते वाऱ्याने हलण्याआधी माणसांनी हलतं.

दुसऱ्याच दिवशी एका गल्लीतून विचारणा आली, सार्वजनिक जागेवर हा रंग कुणाच्या परवानगीने? संध्याकाळी दुसऱ्या गल्लीतून आली, आमच्या रंगात पांढरं घालून तुकडे कावून केले? सरपंच विठ्ठलरावांनी आश्रुबाला बोलावून घेतलं. विठ्ठलराव म्हणजे गावची निम्मी जमीन आणि सगळं राजकारण. आश्रुबा वयाने आठ वर्षांनी मोठा, पण विठ्ठलराव त्याला अरेतुरेच करत आणि आश्रुबा त्यांना आप्पाच म्हणे.

“आश्रुबा, रंग बदल बे. कावून डोस्क्याला ताप?”

“आप्पा, त्यो झेंडा न्हाई. वारा दावायचं साधन हाय.”

“वारा काय, ज्याच्या अंगाला लागतुय त्याला कळतुय की!”

आश्रुबाने पिवळी बाही शिवली. पिवळी चढली त्या दुपारी काही पोरांनी खांबाखाली भंडारा उधळला आणि काहींनी शाळेच्या भिंतीवर निषेध लिहिला. हिरव्याचं नाव काढायची कुणाची छातीच नव्हती. निळा त्याने स्वतःहूनच सोडून दिला. ओव्हाळाच्या हातात निळं कापड हे वाऱ्याचं यंत्र आहे, असं सांगायला हवाई दलाचे प्रमुख जातीने आले असते तरी कुणी मानलं नसतं. शेवटी पांढरी शिवली. तर विठ्ठलरावांचे वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले, आणि त्यांच्या खिडकीतून समोर पांढरं कापड फडफडताना दिसे. म्हाताऱ्याने अन्न सोडलं. पांढरी त्याच दिवशी उतरली.

प्रकरण गावाच्या शांतता समितीपुढे गेलं. पोलीस ठाण्यातून जमादार आले, सगळ्या गल्ल्यांचे प्रतिष्ठित आले, चहा झाला. जे लोक गटारीच्या प्रश्नावर एकत्र येत नाहीत ते विंडसॉकवर दोन तास एकमताने बोलले. ठराव झाला की, लावायचंच तर कोणताच रंग नसलेलं कापड लावावं. आश्रुबा जमादारांना म्हणाला, “साहेब, रंग नसलेलं कापड दुनियेत कुटं मिळत न्हाई.” तर मग लावूच नये, असं ठरलं. त्याच्याकडून हमीपत्र लिहून घेतलं, ‘मी कोणत्याही रंगाचे, झेंड्यासारखे दिसणारे कापड मैदानावर लावणार नाही.’ खांब मात्र राहू दिला, पुढे दिवा लावायला कामी येईल म्हणून.

आश्रुबा घरी आला आणि जेवला नाही. सिंधुबाई, त्याची बायको, ताट झाकत म्हणाली, “वीस वर्सं त्या वाऱ्याच्या नादात मला एकटीला ठिवलं. आता गावालाच नको हाय, तर सोडा की.”

“सटव्याचा दंड बगितला का तू?”

“बगितला.”

“पुढच्या बारीला दंड नसल, मान असल.”

सिंधुबाईने ताटावरचं झाकण काढलं आणि ताट पुन्हा त्याच्यापुढे सरकवलं.

चैत्रात साहेब पुन्हा आले. नारायणगडावर दर्शन उरकून, वाटेत बोरदऱ्याच्या पाण्याच्या टाकीचं उद्घाटन. टाकीत पाणी नव्हतं, पण टाकी होती. मैदानाच्या एका अंगाला शाळा, आणि स्वागतगीतासाठी शाळेतल्या साठ मुली भिंतीला लागून उभ्या केलेल्या. यंदा धुराची जबाबदारी खास एका कार्यकर्त्याला दिली होती. पण धूळ उडू नये म्हणून टँकरने मैदानाबरोबर काडही असं भिजवलं होतं की तीन काडेपेट्या संपल्या तरी ते पेटेना. दुपारचे दोन वाजले होते. वारा सकाळपासून दक्षिणेचा होता, तो जेवणवेळेला फिरला आणि शाळेच्या बाजूने झपाटून यायला लागला. आश्रुबाच्या कातडीला ते कळलं. वरच्या माणसाला कळायचं काही साधन नव्हतं.

हेलिकॉप्टर आलं. एक घिरटी घातली, दुसरी घातली, आणि मग मागच्या खेपेसारखंच वारा पाठीवर घेऊन, शाळेवरून खाली उतरू लागलं. मुली माना वर करून, हात हलवत होत्या. भिंतीपलीकडे नवा मंडप, त्यावर नवे पत्रे. चुन्याच्या गोलाशेजारी सटवा उभा होता. त्याने नकळत आपला दंड धरला.

आश्रुबा खांबाकडे धावला. कप्पी होती, दोरी होती, कापड नव्हतं. खांद्यावर उपरणं नव्हतं, आणि असतं तरी त्याला रंग असता. हमीपत्र त्याला शब्दन्‌शब्द पाठ होतं, सैन्यातला माणूस. त्याने खाली पाहिलं. अंगात गुडघ्यापर्यंतचा नेहरू शर्ट आणि खाली पायजमा. पायजमा इतक्या वर्षांचा की त्याचा मूळचा रंग कोणता होता हे सिंधुबाईलाही सांगता आलं नसतं. आणि तो झेंड्यासारखा दिसतो असं तर त्याचा दुश्मनही म्हणाला नसता.

त्याने नाडा सोडला. बायाबापड्यांनी तोंडं फिरवली, पोरांनी शिट्ट्या मारल्या, विठ्ठलराव माइकवरून ओरडले, “आरं, धरा त्याला!” कुणी धरायच्या आत त्याच नाड्याने कंबरेचं तोंड आ वासलेलं ठेवून पायजमा दोरीला बांधला गेला आणि सरसर वर चढला. वारा भरला. दोन्ही पाय फुगले, ताठ झाले आणि मैदानावर आडवे, लाथा झाडत राहिले. खाली आश्रुबा उघड्या पायांनी, वाऱ्याकडे पाठ करून, दोन्ही हात समोर पसरून उभा राहिला, जसं त्याला विशीत शिकवलं होतं.

हेलिकॉप्टर थबकलं. नाक वर झालं, मोठा वळसा घेतला आणि पलीकडच्या बाजूने, वाऱ्याला छाती देत, सटव्याच्या एचवर अलगद टेकलं. मुलींच्या वेण्या उडाल्या. बाकी काही उडालं नाही.

साहेब उतरले, वर पाहिलं आणि हसले. विठ्ठलराव पुढे होऊन म्हणाले, “येडं हाय, साहेब. ध्यान देऊ नका.” साहेबांनी दिलं नाही. पण वैमानिक पंखा थांबल्यावर खाली आला. त्याने पायजमा पाहिला, मग आश्रुबाचे पाय पाहिले, आणि विचारलं, “एअर फोर्स?”

“जी सर. मेट सेक्शन,” आश्रुबा म्हणाला आणि त्याच अवस्थेत सावधान झाला.

वैमानिकाने त्याला सलाम केला. गाव तेव्हा टाकीकडे गेलं होतं, त्यामुळे हे फक्त सटव्याने पाहिलं. जीवनच्या ड्रोननेही पाहिलं असतं, पण जीवनने तो पायजम्याभोवती फिरवत ठेवला होता.

चित्रफीत जिल्हाभर फिरली. एका पेपरात ‘स्वागत सोहळ्यात माथेफिरूचा धिंगाणा’ असंही आलं. शांतता समिती पुन्हा बसली, पण ठराव काही झाला नाही. आठ दिवस झाले, पंधरा झाले, पायजमा खांबावरच होता, आणि चमत्कार असा की कुठल्याच गल्लीतून हरकत आली नाही. उलट पुढच्या दौऱ्याच्या तयारीच्या यादीत चुना, पाणी, काड, असं लिहून खाली कुणीतरी ‘पायजमा’ लिहिलं. आश्रुबाला वाटलं, गावाला अखेर वारा कळला. त्याने पेटीतली पहिली भगवी-पांढरी बाही काढली, धुऊन इस्त्री केली आणि ती घेऊन विठ्ठलरावांकडे गेला.

“आप्पा, समद्यांचं मन वळलंय. आता नियमाची बाही लावू का?”

“कावून? हाय त्ये झकास हाय की.”

“पायजमा हाय आप्पा त्यो. बरं दिसत न्हाई.”

“आरं, त्यो कुनाचाच न्हाई, म्हनून तर कुनाचं काई म्हननं न्हाई.”

“माजा हाय की त्यो.”

विठ्ठलराव सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही. “त्येच म्हनलं की मी,” ते म्हणाले.

आश्रुबा बाही काखेत घेऊन परत आला. रस्त्याने त्याला घाम फुटला, वारा असून. सिंधुबाईने विचारलं, “काय म्हनले?” तो म्हणाला, “कुनाची हरकत न्हाई.” तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. ती चुलीपुढे बसली आणि पाठमोरी डोळे पुसत राहिली. तो ओट्यावर बसला. त्याला राग आला होता. इतका राग त्याला पत्रा उडाला तेव्हाही आला नव्हता. मग त्याने मोबाइल काढला आणि रोजच्या वेळेच्या आधीच बातमीपत्र लिहिलं.

‘वारा नैऋत्येचा, मध्यम. दृश्यमानता चांगली. बोरदरा हेलिपॅडवर वारा दाखवण्याची सोय आहे. ती सोय आश्रुबा नामदेव ओव्हाळ, सार्जंट, हवाई दल, निवृत्त, यांच्या मालकीची आहे.’