एकट्या कारखान्याची ओळ

शंभरकरबाबू कारखान्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म कुणापुढे उलगडण्याआधी मालकाच्या नावावर तळहात ठेवीत. "नाव झाकलं का मानूस खरं बोलते," असे ते म्हणत.

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या सरकारी सांख्यिकी कार्यालयात नवा सहायक होतो. बाबू एका खासगी मिरची-कारखान्याचे मुख्य कारकून. कारखाना भिवापूरला, कचेरी नागपूरच्या रामदासपेठेत. आम्हांला पाहताच इतर कारखान्यांचे मालक निम्मेच कामगार सांगत. त्यांना कराची धास्ती. मग बाबू सायकल काढून माझ्यासोबत येत. "हा कराचा मानूस नाही शेटजी. याच्या पुस्तकात नुसती बेरीज येते." हजेरीपट आणि विजेचे बिल शेजारी ठेवून खोटा आकडा कसा पकडावा, हे मला त्यांनीच शिकवले.

"यात तुमचा काय फायदा?" मी एकदा विचारले.

"कारखाने किती हायत हेच सरकारले मालूम नसन, तं वीज कोनाले देईन गा?"

पुढे मी उत्पादनाचा तालुकावार तक्ता केला. भिवापुरात मिरचीचा मोठा कारखाना एकच, बाबूंच्या शेटजींचा. बाबूंनी त्या ओळीवर बोट ठेवले. "हे बाजूच्या तालुक्यात मिळव. एकट्याची बेरीज म्हनजे तोच."

"पण नाव कुठे आहे?"

"लोकायच्या डोस्क्यात हाय ना!"

माझ्या तपशीलवार तक्त्याचा मला अभिमान होता. मी ओळ तशीच ठेवली. पुस्तक छापून निघाले, आणि शेटजींच्या प्रतिस्पर्ध्याला त्यांचे उत्पादन पोत्यापर्यंत कळले. शेटजींना वाटले, बाबूंनीच आकडे फोडले. बाबूंनी पुस्तक दाखवले, तर ते म्हणाले, "पुस्तकातही तूच दिले असशीन." त्यांनी बाबूंना कामावरून काढले.

बाबू माझ्याकडे आले. "तू येऊन सांग गा, का मी मना केलं होतं न् तू ठेवली." मी "येतो" म्हणालो. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. मी गेलो नाही. त्यांनी पुन्हा विचारले नाही.

दोन-तीन वर्षांनी आमच्याच कार्यालयाने नव्या अन्वेषकांना, म्हणजे फॉर्म भरून आणणाऱ्यांना, शिकवण्यासाठी बाबूंना बोलावले. तोवर ते एका लाकडाच्या वखारीत किरकोळ कामावर होते. त्यांनी फळ्यावर तीच ओळ लिहिली. एकाने हसून विचारले, "कोण हा शहाणा?"

"कोनं केलं थे सोड. काहून झालं थे शिक."

मी मागच्या बाकावर बसलो होतो. उठलो नाही.

जिन्यात त्यांनी मला गाठले. मला वाटले, आता नोकरीचा विषय काढतील. ते म्हणाले, "शेटजी अजून फॉर्म देत नाही म्हनते. दुसरेही त्याले पाहून बंद झाले. जाऊन ये गा एकदा."

तेव्हाही मी गेलो नाही. गेलो तो बाबूंच्या तेरवीनंतर. शेटजींना सारे सांगितले. ते म्हणाले, "तो होता तवा काहून नाही आले तुम्ही?"

त्यांनी फॉर्म मागून घेतला आणि स्वतःच्या हाताने भरला. आकडे खरे आहेत की नाहीत, हे मी हजेरीपट मागून पडताळायला हवे होते. बाबूंनी तेच शिकवले होते. पण पट मागण्याचे धैर्य मला त्या दिवशी झाले नाही.