कुंद्या काही उठेना

कुत्र्याला घेऊन बेळगावहून निपाणीपर्यंत चालत जाणार, हे मी महिनाभर भेटेल त्याला सांगत होतो. निघालो त्या पहाटे नवे बूट, टोपी, काठी, पाण्याची बाटली सगळं आठवणीनं घेतलं. कुत्रा घरीच राहिला. गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा मागून बायकोची हाक आली, "अहो, हे तुमचंच ना?" तिच्या हातात साखळी, साखळीच्या टोकाला कुंद्या. अंगाचा रंग आमच्या बेळगावी कुंद्यासारखा (दुधाची आटीव, तांबूस मिठाई), म्हणून हे नाव.

या खटाटोपाला कारण आमचे दाजी. गेल्या वर्षी माझ्या छातीत कळ आली, तेव्हापासून घरचे मला लोणच्याच्या बरणीसारखे जपतात. निपाणीला अक्काकडे भरल्या पंगतीत दाजी म्हणाले, "तू आता काकतीच्या म्होरं न्हाय जायाचास रं." पुढच्या खेपेला अक्काच्या दारात यायचं ते चालतच, हे मी भाताचा घास हातात असतानाच ठरवलं. डॉक्टर म्हणाले, जा, पण दमानं. बायकोची अट एकच, कुंद्या बरोबर हवा.

बेळगावला लागूनच असलेली काकती मागे पडल्यावर दाजींना फोटो पाठवला आणि त्याच जोशात पाय उचलले. पहिल्याच चढाला कुंद्या मधोमध बसला. ओढलं, चुचकारलं, बिस्कीट दाखवलं. साहेब आपल्या मर्जीनं उठले. पुढं दर चढाला हेच. हत्तरगीला लॉजवाल्यानं कुत्रा बघून हात जोडले. शेवटी एका खानावळीच्या मावशींनी पडवी दिली. भाकरी, वांगं आणि गुरेळाची (कारळ्याची) चटणी मी खाल्ली. दूधभात मात्र त्याला मिळाला.

संकेश्वर सोडलं. दोन्ही बाजूंना ऊस, मग तंबाखूची रुंद पानं दिसू लागली. आता निपाणी जवळ आली म्हणून मी घाई केली, आणि तवंदीच्या घाटात कुंद्या जो बसला तो उठेचना. चहाच्या टपरीवरची बाई बराच वेळ आमची झटापट बघत होती. म्हणाली, "अण्णा, कन्नडात सांगून बघा की त्येला."

चेष्टा वाटली. मग आठवलं, बायको गोकाकची, कुत्र्याशी ती माहेरच्या भाषेतच बोलते. फोन लावला. तिनं आधी मला बसायला लावलं, पाणी प्यायला लावलं, श्वास कसा आहे विचारलं. मग म्हणाली, फोन त्याच्या कानाला लावा.

"कुंद्या, एळु. नडी." (ऊठ. चल.)

कुंद्या उठला, शेपूट हलवत चालू लागला. टपरीवाली पदर तोंडाला लावून हसत होती.

अक्काच्या दारात पोचलो तेव्हा दाजी माझ्या बुटांकडे बघत राहिले. "आलास व्हय," एवढंच म्हणाले आणि स्वतः उठून पाणी आणलं. मला तेवढं पुष्कळ होतं.

परतताना भाच्यानं गाडीतून आणून सोडलं. चालताना नाना तऱ्हांनी दिसलेला रस्ता काचेतून बघताना ओळखूही येईना. तवंदीचा चढ तर कधी सरला कळलंच नाही. घरी बायकोला सगळं रंगवून सांगितलं आणि वर म्हणालो, कुत्रा आळशी आहे, कन्नडात दटावल्याशिवाय हलत नाही.

ती कुंद्याचे पाय पुसत होती. म्हणाली, "आळशी कशाला? तुम्हाला धाप लागली की खाली बसायचं, हे मीच शिकवलंय त्याला. तुम्हाला बसा म्हटलं तर तुम्ही बसता होय?"