फ्लॉपी आणायला पळालेली जाऊ

कमल गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीत मुलाच्या घरी नातवंडांशी पत्ते खेळत होते, आणि खरं सांगायचं तर लबाडी करत होते. सेनगावहून आमच्या दुकानाशेजारचा शिंपी बोलत होता : "अक्का, नऊ वाजून गेले तरी कमलबाईनं शटर उघडलं न्हाई, म्हणून आमी मागच्या दारानं गेलो..." पुढचं त्याला सांगवेना आणि मला ऐकवेना. त्याला महिना होऊन गेला. भेटायला येणारे सगळे एकच म्हणतात, किती शांत बाई होती हो! मी मान डोलावते. त्यांनी तिला म्हातारपणी पाहिलं. मी तिला टेबलाखाली रक्ताच्या थारोळ्यात पाहिलं आहे आणि त्या दिवशी मी काय केलं तेही मला ठाऊक आहे. ते लिहिल्याशिवाय तिच्याबद्दल चांगलं काही लिहिणं हा खोटेपणा होईल.

कमल माझी धाकटी जाऊ. ती आणि माझा दीर दिगंबर साखऱ्याला शेती आणि शेळ्यामेंढ्या बघायचे. मी सेनगावात राहायचे. नव्वदच्या दशकात मी स्टँडजवळ टायपिंगचं दुकान टाकलं आणि पुढे एक जुना कंप्युटर घेऊन लग्नपत्रिका छापायला लागले. इंग्रजी वाचता येणारी त्या रस्त्यावरची मी एकटी बाई. त्या काळातली मी आज मला भेटली, तर मी तिला दारातूनच परत पाठवीन, इतकी ती शहाणी होती.

दिगंबर मारायचा. कासऱ्यानं, काठीनं, हाताला येईल त्यानं. दोनदा कमल सुजलेल्या तोंडानं जीपमध्ये बसून माझ्याकडे आली. दोन्ही वेळा मी तिला हळद लावली, चहा पाजला, थोडं सोसायला शिक असं तोंड वर करून सांगितलं आणि त्याच जीपनं परत पाठवलं. तिसऱ्यांदा ती मोडलेला हात घेऊन आली, तेव्हा मात्र मी मोठी न्यायाधीश झाले. दिगंबरला बोलावून चार वडीलधाऱ्यांसमोर ठरवलं, दुकानात काम आहे तोवर कमल माझ्याकडे राहील आणि काम संपलं की साखऱ्याला जाईल. तो लगेच "व्हय" म्हणाला. आपण केवढी तडजोड घडवली, या आनंदात मी आठवडाभर तरंगत होते.

आणि काही महिन्यांनी, ऐन लग्नसराईत, व्होल्टेज वाढून कंप्युटरचं डिस्प्ले कार्ड जळालं. पडद्यावर चित्र पाठवणारी ती हिरवी पट्टी. मी नांदेडला जाऊन दुसरं कार्ड आणलं, जुनंच, पण खोक्यातलं. सोबत फ्लॉपी होती. तिच्यातला ड्रायव्हर, म्हणजे त्या कार्डाला कामाला लावणारा प्रोग्रॅम, कंप्युटरमध्ये भरला की झालं, असं दुकानदार म्हणाला. मी तो भरला. पडदाभर आडव्या पट्ट्या आल्या आणि सगळं थिजलं. बंद करून सुरू केलं तर तो कसाबसा उठला, पण मोजून सोळा रंगांत, माठाएवढी अक्षरं दाखवत, आणि त्या अवस्थेत प्रिंटर चालेना. मी पुन्हा तीच फ्लॉपी घातली. पुन्हा पट्ट्या. दोन दिवसांत अकरा वेळा तीच फ्लॉपी घातली असेल. शेवटी मॉनिटरला दोन्ही बाजूंनी थोबाडायला सुरुवात केली, वरून बुक्की घातली, टेबलाला लाथ घातली.

"अक्का, मारून काहून राहिलात?" कमल म्हणाली. "मारून कोन्तं जनावर बरं झालं?"

हे तिनं म्हणावं! तिनं कंप्युटरच्या कॅबिनेटचा पत्रा काढून भिंतीला टेकवला, कार्ड उपसलं आणि उजेडात धरलं.

"याचं नाव काय?"

"खोक्यावर लिहिलंय की."

"खोकं इकणाऱ्याचं हाय. आमच्या बाजारात इकणारा काय बी सांगते. आमी मेंढीचं तोंड उघडून दात बघतो."

कार्डावरच्या काळ्या चिपवर एक कागदी लेबल होतं, त्यावर खोक्यावरचंच नाव. कमलनं ते नखानं खरवडून काढलं. खाली दुसरीच अक्षरं कोरलेली! तिला इंग्रजी येत नव्हतं. रांगोळी काढावी तशी तिनं ती अक्षरं आणि आकडे कागदावर उतरवले. मी टेलिफोन बूथवरून नांदेडच्या एका दुरुस्तीवाल्याला ते वाचून दाखवले तर तो हसायलाच लागला. म्हणाला, हे त्या खोक्यातलं कार्डच नाही, तुम्ही याला दुसऱ्याचा ड्रायव्हर घालताय. आधी तो काढून टाका, मशीन पुन्हा सुरू करा, मग मी पाठवतो तो घाला. फ्लॉपी उद्या दुपारच्या बसनं, कंडक्टरच्या हाती.

दुसऱ्या दिवशी बसच्या आधी दिगंबर आला. जीपवाल्यांकडून त्याला बातमी लागली होती.

"मशीन बंद हाय म्हणं. चल."

"तासभर थांबा. सामान येऊन राहिलं बसनं," कमल म्हणाली.

त्यानं तिचे केस धरले आणि डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. छापलेल्या पत्रिका खाली सांडल्या. मी "भाऊजी, भाऊजी" करत मध्ये गेले तर त्यानं मला कोपरानं भिंतीवर फेकलं. तेवढ्यात स्टँडवर बसचा हॉर्न वाजला... आणि मी पळाले. एका पायात चप्पल, पदर रस्त्यावर. स्टँडवर पंचवीस-तीस माणसं उभी होती, ओळखीचीसुद्धा. मी कुणालाही हाक मारली नाही. कंडक्टर चहा पीत होता. त्याच्याकडून पाकीट घेतलं, वर थँक्यू म्हटलं आणि तशीच पळत परत आले. नवरा बायकोचा जीव घेतोय आणि इंग्रजी येणारी ही बाई फ्लॉपी आणायला गेली! माझ्या डोक्यात एकच होतं, पडदा नीट झाला की ठरल्याप्रमाणे तो थांबेल.

कमल टेबलाखाली पडली होती आणि तो तिला लाथा घालत होता. फरशीवर तिचे दोन दात होते. "आली, फ्लॉपी आली!" मी ओरडले. नवलानं म्हणा, तो थांबला. कमल उठली, पदरानं तोंड पुसलं आणि खुर्चीवर बसली. मी पडद्यावरचं इंग्रजी वाचत गेले तसा तिनं जुना ड्रायव्हर काढला, मशीन पुन्हा सुरू केली, नवी फ्लॉपी घातली. माउसवर रक्ताची बोटं उमटत होती. दिगंबर दारात बिडी ओढत उभा. पडदा काळा झाला, आणि मग सगळे रंग आले. कुणा नवरीचं नाव पडद्यावर स्वच्छ उमटलं.

"बघा भाऊजी, झालं सुरू. आता ठरल्याप्रमाणे..."

त्यानं पडद्याकडे पाहिलं आणि कमलला अशी मुस्कटात दिली की तिचं कपाळ काचेवर आदळलं.

"सुरू झालं. मंग?"

त्या एका शब्दानं माझी सगळी न्यायाधीशी उतरली. भिंतीला टेकवलेला कॅबिनेटचा पत्रा मी उचलला आणि त्याची धार दिगंबरच्या तोंडावर हाणली. भुवई फाटली. दुसरा घाव कानावर बसला. तो खाली बसला, मी तिसरा उगारला, आणि मला लाज वाटत नाही हे लिहायला, तो मी डोक्यात घालणार होते. कमलनं माझं मनगट धरलं. "बास, अक्का. मरंल तो." मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "मी येत न्हाई. जा." डोळ्यांत रक्त उतरलेला तो भिंत धरत गेला आणि दुकानाची पायरी पुन्हा कधी चढला नाही. तो वारल्यालाही आता बरीच वर्षं झाली.

कमल दुकानातच राहिली. पुढे दुकान तिचंच झालं, मशिनी बदलल्या, गावोगावचे दुकानदार तिला फोन करून विचारायचे आणि ती पहिला प्रश्न विचारायची, खोक्यावरचं सोडा, चिपवर काय लिहिलंय? त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. एकदाच, पत्रिका घडी करता करता, मी म्हटलं, "कमल, मी तेव्हा पळाले..."

ती हसली. बसवलेले दोन दात जरा जास्तच पांढरे होते. "तुमी पळालात तवा मला वाटलं, मानसं आनायला गेल्यात," ती म्हणाली. "म्हनून मी मार खात पडून राहिले. म्हटलं, येतीलच आता." आणि पुढची पत्रिका उचलली.

त्यानंतरही बसनं पार्सल आलं की स्टँडवर तीच जायची. मी उठले तर म्हणायची, "तुमी बसा अक्का. तुमी दुकान सोडू नका." चेष्टा होती की काय होतं, मी कधी विचारलं नाही.

परवा शटर उघडून तिच्या खुर्चीवर बसले होते. दुपारी बसचा हॉर्न झाला, थोड्या वेळानं पुन्हा झाला. मी उठले नाही. शेवटी कंडक्टर स्वतः पाकीट घेऊन दारात आला. मला नवा, तरणाताठा; महिनाभर दुसऱ्या मार्गावर होता म्हणे.

"कमलबाई काहून आल्या न्हाई आज?"

मी त्याला आत बोलावलं आणि बसायला सांगितलं.