दोन, मग एक

ओळंबा हल्ली लाकडावर टकटक करत नाही.

ज्यांनी त्याला पाहिलेलं नाही, त्यांना यात विशेष वाटणार नाही. पण हा सुतार चाळीस वर्षं दार, कपाट, खाट, जे समोर येईल त्यावर बोटाचा सांधा वाजवत आला. आधी दोनदा, जरा थांबून एकदा. मग कान लावायचा. लाकूड भरीव आहे की पोखरलेलं, हे त्याला आवाजावरून कळायचं. भिंत सरळ आहे का बघायच्या दोरीचं, ओळंब्याचं, नाव त्याला पडलं, कारण वाकड्याला तो सरळ म्हणू शकत नसे. मेव्हणीच्या लग्नात जेवायला बसण्याआधीच त्याने मुलाकडच्यांना सांगितलं होतं, "तुमची चौकट अर्धं बोट कललीय." तेव्हापासून कुठेही जाताना बायको बजावायची, "अहो, तोंड आणि बोटं, दोन्ही आवरा. उगाच खाजवून खरूज काढू नका."

टकटक करायची ती सवय त्याला एका फजितीतून लागली. विशीत, उस्तादाकडे शिकत असताना, त्याला कोठाराची दुहेरी भिंत बसवायला सांगितलं. त्याने शेवटची फळी खाचेत सरकवली. ती गच्च बसली. तेव्हा कळलं, आपण आत आहोत. दोन फळ्यांमध्ये दोन विती जागा. उभं राहता येत होतं, बसता येत नव्हतं. सगळे जेवायला गेलेले. ओरडायची लाज वाटली. तो बोटाने वाजवत राहिला. दोन, मग एक. उस्तादाने ऐकलं तेव्हा अर्धा दिवस सरला होता. लोक हसून लोळले. उस्ताद एवढंच म्हणाला, "शेवटची फळी बसवण्याआधी बघावं, आपण कुठल्या बाजूला आहोत."

हे सगळं तो स्वतःच हसत सांगायचा. त्या शहरात जाऊन येईपर्यंत.

मुलीला तिथे रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हजर व्हायचं होतं, आणि राहण्याचा पत्ता लिहून दिल्याशिवाय रुजू करून घेणार नव्हते. यादीत तिच्या मागे दुसरी एक उभीच होती. म्हणजे खोली मिळवायला हातात एक दिवस. ओळंबा पिशवीत पटाशी घेऊन सोबत निघाला. "पटाशी कशाला?" बायकोने विचारलं. "असू दे. दार घासत असलं तर?"

पहाटे उतरले ते चालतच राहिले. एवढी माणसं त्याने कधी पाहिली नव्हती. पण कुणी कुणाला धक्का देत नव्हतं. रंध्यातून साल निघावी तशी ती एकमेकांजवळून सरकत होती. ओळंबा तेवढा आदळत होता, माफी मागत होता. कुणी वळून बघत नव्हतं. दहाच्या सुमारास त्याच्या ध्यानात आलं, सकाळपासून एकाही माणसाने आपल्याकडे पाहिलेलं नाही.

"दमलात का बाबा?"

"नाही. तू आहेस ना शेजारी?"

"हात धरलाय की तुमचा."

खोल्या दाखवायला गाठलेला दलाल मात्र बडबड्या होता. पहिल्या खोलीत दार उघडायचं तर खाट उभी करावी लागे. दुसरी जिन्याखाली होती. डोक्यावरून सारखी पावलं जात होती, उतरणारी. चढणारं एकही नाही. तिसऱ्या खोलीत भरदुपारी एक बाई तोंडावर चादर घेऊन झोपली होती. दलाल कुजबुजला, "ही दिवसाची. तुमची मुलगी रात्रीची. खाट तीच. भेट कधी व्हायची नाही." बाईने कूस बदलली. गादीत तिच्या अंगाचा खड्डा दिसला. शेजारी दुसरा खड्डा होता, तो रिकामा.

भाडं ऐकून ओळंबा म्हणाला, "अहो, एवढ्यात तुम्हाला आमच्याकडे घर बांधून देतो. दारं सरळ."

"मग तिकडेच लावा नोकरीला, काका," दलाल हसला. मुलगी हसली नाही. तिची टाच फुटली होती.

ऊन उतरताना ते शेवटच्या खोलीपाशी आले. आठवा मजला, लांब बोळ, टोकाचं दार. खिडकी होती. नळ होता. भाडं इतरांच्या निम्मं. मुलगी खाटेवर टेकली आणि बसल्या बसल्या तिचे डोळे मिटले.

ओळंब्याने सवयीने भिंतीला वीत लावली. अकरा. मग बाहेर जाऊन बोळातून शेजारच्या दारापर्यंत मोजलं. तेरा. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. शेजारच्या दारात एक म्हातारी उभी होती. दिवसभरात त्याच्याकडे पाहणारी ती पहिलीच.

"आजी, तुमची भिंत आतून बघू का जरा?"

"बघा. माझी दारापाशीच संपते. मधलं माझं नाही."

"मग कुणाचं?"

"दादा, मी इथे तीस वर्षं राहते," म्हातारी म्हणाली. "मी विचारत नाही." तिने दार लावून घेतलं.

दोन विती. माणूस उभा राहू शकतो. बसू शकत नाही.

"पाईप असतील हो," दलाल म्हणाला. "मी खाली कागद तयार करतो. लवकर या, अजून दोघं बघायला यायचेत."

ओळंबा आत आला. भिंत प्लायची होती. त्याने सांधा टेकवला. दोन, मग एक. कान लावला.

आतून आलं. दोन. जरा थांबून, एक.

ते थांबणं तो ओळखत होता. तेवढंच थांबणं. सांध्याची कातडी सोललेली असली की तिसरा ठोका हळू पडतो, तसाच तो पडला होता.

"कोण आहे?" त्याने विचारलं. त्याने पटाशी काढली, टोक फळीच्या फटीत घातलं. फळी उचकटली तर आरडाओरडा होईल, खोली जाईल, उद्याचे आठ जातील. नाही उचकटली तर आतला उभाच राहील.

"बाबा."

मुलगी जागी होती. पांढरीफटक.

"तू ऐकलंस?"

"बाबा, पाईप आहे म्हणा."

"पोरी, पाईप असा..."

"तुम्ही कधी खोटं सांगत नाही. तुम्ही म्हणालात तर मला झोप लागेल. म्हणा ना."

बोळात पावलं वाजली. दुसरी माणसं खोली बघायला येत होती.

ओळंब्याने पटाशी काढून घेतली. फळी अंगठ्याने दाबून पुन्हा नीट बसवली.

"पाईप आहे," तो म्हणाला.

घरी परतल्यावर बायकोने विचारलं, खोली कशी आहे? "सरळ आहे," म्हणाला आणि हात धुवायला गेला. बराच वेळ धूत होता.

मुलगी नोकरीत कायम झाली. रोज संध्याकाळी फोन करते. प्रयोगशाळेतल्या गमती सांगते, हसते, आईची नक्कल करते. कधीतरी बोलता बोलता थांबते. मग फोनमध्ये मागून येतं. दोन. जरा थांबून, एक.

"पाईप," ती म्हणते.

"हो," ओळंबा म्हणतो, आणि उजवा हात मांडीखाली दाबून बसतो.